उसना नाद

लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या फेल्टम या उपनगरातील एका साध्या घरात, १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात, सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड तासायला बसले. महोगनीचे ते लाकूड शंभराहून अधिक वर्षांचे होते आणि किडीने त्यात जागोजागी भोके पाडली होती. मुलाने ती भोके आगकाड्या ठोकून बुजवली. त्या लाकडातून एका गिटारची मान निघाली. देहासाठी एका जुन्या टेबलाचे ओक लाकूड कामी आले आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवून ते देखणे करण्यात आले. तारांचा ताण सांभाळण्यासाठी ज्या दोन स्प्रिंगा बसवल्या, त्या १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या होत्या. सूर हेलकावण्यासाठी जी दांडी लागते, ती सायकलच्या बैठकीमागची पिशवी तोलून धरणाऱ्या सळईची केली आणि तिच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसवला. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटने उपयोगी पडली. फेंडर किंवा गिब्सन या अमेरिकी कारखान्यांच्या गिटारी त्या घराच्या ऐपतीत नव्हत्या. या सगळ्या उद्योगाला आठ पौंडांच्या आसपास खर्च आला आणि जवळजवळ दोन वर्षे लागली.

मुलाचे नाव ब्रायन मे. वडील हॅरोल्ड मे विमानविषयक सरकारी खात्यात इलेक्ट्रॉनिक्सशी निगडित काम करीत. पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदाबरोबर ही गिटार जगभर फिरली, ‘रेड स्पेशल’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावरूनही वाजली. हा सर्व इतिहास आता सर्वज्ञात आहे. या लेखाचा विषय त्या गिटारचा पराक्रम नाही. तिच्या आवाजाचा पाठलाग करणारी एक मोठी जमात गेल्या चार-पाच दशकांत जगभर निर्माण झाली आहे आणि तिच्या खटाटोपात कलाविचाराच्या दृष्टीने काही गंभीर प्रश्न दडलेले आहेत, ते न्याहाळण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीत ‘आवाजाची जात’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. तोच षड्ज, तीच उंची, तोच जोर. तरीही सनई आणि सारंगी डोळे मिटून वेगळ्या ओळखता येतात, त्या ह्या जातीमुळे. इंग्रजी बोलणारे गिटारवादक या गोष्टीला ‘टोन’ म्हणतात आणि त्या दोन अक्षरांवर आयुष्ये खर्ची घालतात. धून शिकता येते, बोटांची चलनवलने शिकता येतात. परंतु जातीचे काय करायचे? ती जन्मतः मिळालेली असते, की हुन्नराने कमावता येते, की दुकानातून विकत आणता येते? विजेच्या गिटारच्या बाबतीत तिसरा पर्याय अतिशय मोहक वाटतो. कारण येथे आवाज पोकळ लाकडात घडत नाही; तो तारा, चुंबके, वेटोळी, काचेच्या नळ्या आणि कर्णे यांच्या साखळीतून घडत जातो. साखळीचा प्रत्येक दुवा मोजता येतो. जे मोजता येते त्याची नक्कल करता येईल, ही श्रद्धा त्यातून आपोआपच जन्म घेते.

या साखळीचा पहिला दुवा म्हणजे पिकअप. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे घेतलेले एक वेटोळे, एवढेच त्याचे स्वरूप. पोलादी तार त्याच्यावर कंप पावली की चुंबकक्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले हेच तत्त्व. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पिकअप हवेतला नाद ऐकत नाही. तार जिथे त्याच्या डोक्यावरून जाते, तेवढ्या एका बिंदूपाशी ती कशी थरथरते, तेवढेच त्याला कळते. घोडीजवळ बसवलेल्या पिकअपला तारेचे ताठर, तीक्ष्ण कंप अधिक जाणवतात. मानेजवळच्या पिकअपला तेच कंप गोल आणि भरीव वाटतात. एकच तार, एकच आघात, आणि जागेनुसार साक्ष वेगळी.

त्या मुलाने प्रथम आपले पिकअपही स्वतःच घडवले होते. बाजारातून छोटी चुंबके आणली आणि घरीच यंत्र जुळवून वेटोळी गुंडाळली. ती बरी वाजत. पण तार बोटाने बाजूला ओढून मींड काढू गेले की सुरात चमत्कारिक विकृती येई, कारण तार चुंबकाच्या एका ध्रुवावरून दुसऱ्यावर सरकत असे. अखेर बर्न्स या इंग्रज कारखानदाराचे ‘ट्राय-सॉनिक’ जातीचे तीन पिकअप विकत घ्यावे लागले. या पिकअपमध्ये वेटोळ्याला रीळ नसते. ते फितीने गुंडाळून पत्र्याच्या झाकणाखाली ठेवलेले असते. त्यामुळे त्याचे फेरे आतल्या आत थरथरतात आणि आवाज वाढवला की शिट्टी मारू लागतात. मुलाने त्यावर अ‍ॅरल्डाइट ओतून ते गोठवून टाकले. आज त्या आवाजाचा शोध घेणारा मनुष्य ट्राय-सॉनिकची प्रतिकृती विकत आणतो तेव्हा तिच्यातही असाच डिंक भरलेला आहे ना, याची आधी खात्री करून घेतो. एका शाळकरी मुलाने घरातल्या अडचणीवर काढलेला तोडगा आज उत्पादनाचे वैशिष्ट्य म्हणून जाहिरातीत मिरवतो.

परंतु खरी मेख जोडणीत आहे. तीन पिकअप असलेल्या सामान्य गिटारमध्ये दोन पिकअप एकत्र वापरले की ते समांतर जोडणीत असतात. मे पितापुत्रांनी ते एकसर जोडणीत बसवले. दोन्हींची वीज एकमेकींत मिळते आणि आवाज जाडसर, जोमदार होतो. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन कळा दिल्या: एक चालू-बंद करण्याची, दुसरी त्याच्या विजेची दिशा उलटवण्याची. दिशा उलटी केली की दोन पिकअपांना समानपणे ऐकू आलेले खर्जाचे कंप एकमेकांना मारून टाकतात. उरतो तो नाकातून बोलल्यासारखा, हडकुळा पण विलक्षण धारदार असा सूर. सहा कळांमधून किती स्वभाव निघू शकतात याचा हिशेब करणारे करतात. मे यांचा सर्वाधिक वापर मात्र घोडीजवळचा आणि मधला या दोन पिकअपांच्या सरळ जोडीचाच राहिला. अनेक शोधकांच्या गिटारवर सहाही कळा दिमाखाने बसवलेल्या असतात आणि त्यांतल्या चारांना कधी हात लागलेला नसतो.

साखळीचा पुढचा दुवा अधिक रोचक आहे, कारण त्याच्या मुळाशीच अनुकरण आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या मार्की क्लबात रोरी गॅलाघर हा आयरिश गिटारवादक आपल्या ‘टेस्ट’ या त्रिकुटासह वाजवीत असे. तरुण ब्रायन कार्यक्रम संपल्यावर मागे रेंगाळला आणि त्याने सरळ विचारले की हा आवाज येतो कुठून. गॅलाघरने काहीही न लपवता सांगितले: व्हॉक्स कंपनीचा ‘एसी ३०’ ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधी ‘रेंजमास्टर’ नावाची एक छोटी पेटी. तरुणाने दोन जुने एसी ३० मिळवले, आणि आयुष्यभराचा आवाज त्याच्या हाती लागला. विद्या लपवून ठेवण्याच्या, बंदिशीचा अंतरा शेवटच्या दिवशी देण्याच्या हकीकती ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडल्या आहेत, त्या भारतीय वाचकाला गॅलाघरचे हे औदार्य विशेष जाणवावे.

एसी ३० ही तीस वॉटची पेटी. आत चार छोट्या निर्वात नळ्या आणि बारा इंची दोन कर्णे. मे तिचा आवाज पूर्ण उघडून ठेवतात. या अवस्थेत नळ्या आपल्या क्षमतेच्या काठावर असतात; आलेला कंप जसाच्या तसा मोठा करणे त्यांना शक्य होत नाही. त्या त्याची टोके चेपतात आणि त्या चेपण्यातून मूळ सुरात नसलेले नवे स्वयंभू स्वर उमटतात. अभियंत्याच्या भाषेत हा दोष आहे. मात्र एक अडचण येते. चेपलेल्या आवाजात खर्ज फार असला की सारा गढूळ गलका होतो. रेंजमास्टर ही पेटी नेमके तेथेच काम करते. तिच्यात जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर, आणि प्रवेशद्वारापाशी एक अगदी लहान कपॅसिटर. तो खर्जाला दारातच अडवतो, वरच्या कंपांना ट्रान्झिस्टर बळ देतो आणि अशी गाळून घेतलेली वीज नळ्यांवर आदळते. गढूळपणा जातो, चेपलेपणातले गोडवे उरतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढून तारेखाली सुताचा दोरा सरकवणारा कारागीर जे साधतो, त्याच्याशी याचे नाते फार दूरचे नाही. तार तीच असते. पण दोरा योग्य जागी येताच तिच्यातले स्वयंभू स्वर एकाएकी बोलू लागतात. दोघांचेही काम नवा स्वर निर्माण करण्याचे नाही. असलेल्या स्वराच्या पोटात काय आहे ते ऐकू येईल अशी वाट ते करून देतात.

आता, एखाद्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणारा शोधक काय करणार? पूर्ण उघडलेला एसी ३० ऐकला की शेजारी दार ठोठावतात. म्हणून त्याला पेडले घ्यावी लागतात: निर्वात नळीच्या चेपण्याची बतावणी करणारे एक पेडल, त्याच्या आधी रेंजमास्टरची नवी आवृत्ती, त्यानंतर प्रतिध्वनीची एक पेटी. त्याला हळूहळू नाना गोष्टी कळू लागतात. ही जुन्या घडणीची पेटी गिटारच्या लगत, सर्वांत आधी जोडावी लागते. मध्ये दुसरे एखादे पेडल आले की पिकअपची वेटोळी आणि पेटीचे प्रवेशद्वार यांचे परस्पर नाते बिघडते आणि आवाज कर्कश होतो. जर्मेनियम तापमानाला फार हळवे असते. हिवाळ्यात जमलेला आवाज उन्हाळ्यात जमत नाही. एकाच नावाच्या दोन ट्रान्झिस्टरांचे गुण सारखे निघत नाहीत. घटकांचा असा अभ्यास करता करता तो उत्तम तंत्रज्ञ होतो. रात्री डाग देण्याच्या तापल्या कथिलाचा वास खोलीत भरून राहतो, आणि गिटार कोपऱ्यात उभी असते. या जमातीतली पुष्कळ माणसे येथेच थांबतात. वाजवण्यासाठी साधन जमवायला निघालेला माणूस साधनाचाच उपासक होऊन बसतो, हे दृश्य साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. ग्रंथसूची सिद्ध करता करता कविता वाचायची राहून गेलेले विद्वान प्रत्येक विद्यापीठात भेटतात.

जो पुढे जातो त्याची गाठ हाताशी पडते. मे प्लास्टिकच्या नखीने वाजवत नाहीत. ते सिक्सपेन्सचे जुने इंग्रजी नाणे वापरतात; १९८० सालापासून हे नाणे चलनात नाही. धातू असल्यामुळे ते वाकत नाही. त्यामुळे आघाताचा सगळा निर्णय बोटांच्या पकडीवर येतो. नाण्याची कड दातेरी असते. ते किंचित तिरपे धरले की तार त्या दातांवरून घासत जाते आणि सुराच्या आरंभी व्यंजनासारखा एक खरखरीत उच्चार उमटतो. सपाट धरले तर नुसता स्वर. हा फरक कोणत्याही पेडलात नाही. तीच गोष्ट गिटारवरच्या आवाजाच्या खुंटीची. ॲम्प्लिफायर कायम पूर्ण उघडा असल्यामुळे ही खुंटी थोडी मागे फिरवली की नळ्यांवरचा भार उतरतो आणि आवाज निर्मळ होतो; पुढे नेली की तो भरून येऊन गाऊ लागतो. गाण्याच्या ओघात ती सतत, नकळत फिरत असते. तारांची लांबी चोवीस इंच, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरपेक्षा दीड इंचाने कमी; त्यामुळे तारा सैलसर राहतात आणि मींड सहज निघते. मान मात्र भलतीच जाड आहे, कारण शेकोटीचे लाकूड जाड होते आणि मुलाला तीच पकड अंगवळणी पडली. बाजारातल्या सर्वसाधारण प्रतिकृतींची मान बरीच सडपातळ असते. गिऱ्हाइकाला आवाज मूळचा हवा असतो, हात मात्र स्वतःचाच.

प्रतिकृतींचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. १९८० च्या दशकात गिल्ड या अमेरिकी कंपनीने मे यांच्या सहकार्याने एक आवृत्ती काढली. तीत पिकअप वेगळे होते. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील वाद्यकारागीर ग्रेग फ्रायर यांनी १९९० च्या दशकात मूळ वाद्याची बारकाईने मोजमापे घेऊन तीन प्रतिकृती घडवल्या. त्यांची निष्ठा पाहून मे यांनी १९९८ साली मूळ गिटारच्या दुरुस्तीचे कामही त्यांच्यावरच सोपवले. नक्कल करणाऱ्याच्या हाती अस्सल वस्तू सोपवण्याचा हा प्रसंग अर्थपूर्ण आहे. इतक्या वर्षांत त्या गिटारला फ्रायर यांच्याइतके बारकाईने पाहिलेले दुसरे कोण होते? अनुकरणाला आपण सरसकट हलके मानतो, ही समीक्षेतली एक जुनी अढी आहे. संहितेची पाठचिकित्सा करणारा अभ्यासक मूळ कवीची एकही ओळ स्वतः रचत नाही. पण त्या कवीचे प्रत्येक अक्षर त्याच्याच डोळ्यांखालून जाते. फ्रायर यांचे काम त्या जातीचे होते.

याहून विलक्षण कथा एका कचऱ्यातल्या पेटीची. ‘क्वीन’चे दुसरे एक सदस्य जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांना रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत एक बेवारशी विद्युत्मंडल सापडले. त्यांनी ते एका लहानशा स्पीकरच्या खोक्यात बसवले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले. सरावापुरता उपयोग व्हावा, एवढाच हेतू. मे यांनी त्यात आपली गिटार जोडली आणि त्यातून व्हायोलिनसारखा, सनईसारखा, कधी पितळी भोंग्यासारखा आवाज निघू लागला. ‘डीकी’ या लाडक्या नावाने ती पेटी प्रसिद्ध झाली. १९७५ सालच्या ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ या संग्रहातील ‘गुड कंपनी’ या गाण्यात मे यांनी या पेटीच्या साह्याने गिटारवरच १९२० च्या दशकातला एक संपूर्ण जॅझ ताफा उभा केला: क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, सगळे. तो काळ असा होता की ‘क्वीन’च्या तबकड्यांच्या वेष्टनावर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, असा निर्वाळा छापावा लागे, ऐकणाऱ्याला गिटारचा हा बहुरूपीपणा खरा वाटत नसे.

कचऱ्यात सापडलेल्या मंडलाची प्रतिकृती करणे हे सर्वांत कठीण ठरले, यात एक प्रकारचा उपरोध आहे. जर्मेनियमचे विशिष्ट ट्रान्झिस्टर, त्यांतले लहान ट्रान्सफॉर्मर, खोक्याचे कर्णे, सगळेच योगायोगाने जुळून आलेले. फ्रायर आणि त्यांच्यानंतर इंग्लंडमधील नाइजेल नाइट यांनी त्या पेटीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून तिची प्रतिकृती सिद्ध केली. जे फेकून दिले होते ते पुन्हा घडवण्यासाठी एवढे परिश्रम. आणि ज्या आवाजासाठी हे केले, तो आवाज स्वतःच जॅझच्या ताफ्याची नक्कल होता. मूळ कुठे संपते आणि अनुकरण कुठे सुरू होते, याची रेषा आखू पाहणाऱ्याने या एका गाण्याजवळ बराच वेळ थांबावे. गॅलाघरचे सामान घेऊन मे गॅलाघरसारखे वाजू लागले नाहीत, ही गोष्टही येथेच आठवते. त्यांनी प्रश्न उसना घेतला. उत्तर घरच्या लाकडातून काढले.

शोधकाच्या मार्गात आणखी एक चकवा आहे, आणि तो बहुतेकांच्या फार उशिरा ध्यानात येतो. तबकडीवर जो ‘ब्रायन मे यांचा आवाज’ ऐकू येतो, तो पुष्कळदा एका गिटारचा नसतोच. ‘किलर क्वीन’ (१९७४) या गाण्यात सुरावट एका गिटारकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे घंटानादासारखी सोपवली जाते. अंती तिन्ही मिळून एक स्वरसंवाद तयार होतो. त्याच वर्षीच्या ‘ब्रायटन रॉक’मध्ये प्रतिध्वनियंत्राच्या साह्याने वादक स्वतःच्याच मागून येणाऱ्या सुरांशी संवाद करतो. रंगमंचावर मूळ सूर आणि त्याचे दोन प्रतिध्वनी तीन वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरांतून येत. एक माणूस स्वतःचाच धाकटा आणि थोरला भाऊ होऊन गाऊ लागे. एका पेडलातून, एका हाताने हा समूह उभा करू पाहणाऱ्याला निराशा आली तर दोष पेडलाचा नाही.

शिवाय या समूहाच्या मध्यभागी एक गळा होता. पारशी कुटुंबात झांजिबारला १९४६ साली जन्मलेला फारोख बुलसारा १९५० च्या दशकात आणि त्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. सह्याद्रीच्या त्या थंड पठारावरच, १९५८ च्या सुमारास, शाळासोबत्यांच्या ‘हेक्टिक्स’ या चमूत तो पियानो वाजवीत असे. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) या त्याच्या रचनेत गिटारचा एकल भाग गाण्याचीच सुरावट पुन्हा वाजवीत नाही. मे यांनी तेथे एक नवी सुरावट योजली, जणू त्या गळ्याला उत्तर द्यायचे होते. रेड स्पेशलचा जो गाणारा, ओलसर स्वर जगाला मोह घालतो, तो त्या गळ्याच्या शेजारी घडला. मर्क्युरीचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले. त्यानंतरही मे वाजवीत राहिले, साधने तीच राहिली. परंतु जुन्या श्रोत्यांना त्या स्वराच्या कडेला एक रिकामी जागा ऐकू येते. ही रिकामी जागा कोणत्या पेटीत भरून विकणार?

ध्वन्यालोककारांनी व्यंग्यार्थाला घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली आहे. आघात संपतो, नाद उरतो. शोधकाला जे हवे असते ते बहुधा हे अनुरणन असते. पण तो विकत घेतो ती घंटा.

आणि वडील? ज्या हॅरोल्ड मे यांनी मुलाबरोबर दोन वर्षे लाकूड तासले, त्यांनीच पुढे त्या गिटारला विरोध केला. मुलगा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीत डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होता. सूर्यमालेतल्या धुळीच्या गतीचा त्याचा विषय होता. १९७४ च्या सुमारास त्याने तो प्रबंध अर्धा टाकला आणि वाद्यवृंदाबरोबर निघाला. वडिलांच्या दृष्टीने ही सरळसरळ नासाडी होती. आपण हौसेने बनवलेल्या खेळण्याने मुलाचे आयुष्य गिळले, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. जवळजवळ दीड वर्ष पितापुत्रांत धड बोलणे नव्हते, असे मे यांनी पुढे सांगितले आहे. १९७४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘क्वीन टू’ या संग्रहात ‘फादर टू सन’ हे मे यांचे गाणे आहे. त्याचा आणि या अबोल्याचा संबंध जोडण्याचा मोह समीक्षकाने आवरावा हे बरे, पण शीर्षक नजरेआड करता येत नाही. १९७७ साली ‘क्वीन’चा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. मुलाने आईवडिलांना काँकॉर्ड विमानाने तेथे नेले. हॅरोल्ड यांनी आपल्या नोकरीत या विमानासाठी काम केले होते; त्यात बसण्याइतके पैसे मात्र त्यांच्यापाशी कधीच नव्हते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मुलाचा हात हाती घेतला आणि आता आपल्याला समजले, अशा अर्थाचे दोनच शब्द बोलले.

त्या रात्री सभागृहात जो आवाज घुमला त्यात त्यांनीच जुळवलेल्या तारा, त्यांनीच सुचवलेल्या युक्त्या, त्यांच्याच घरातली बटने होती. हजारो माणसे ऐकत होती आणि त्या आवाजाचे घटक ओळखू शकणारा तो एकटाच श्रोता होता. हॅरोल्ड मे १९८८ साली वारले.

आवाजाचा शोध घेणाऱ्या तरुणाची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केली आहे. तथापि या वेडाला दुसरी बाजूही आहे. एखाद्या रात्री, अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर, दिशा उलटवणारी कळ सरकवताना, नाणे किंचित तिरपे धरलेले असताना, त्याच्या खोलीत तो स्वर दोन-तीन क्षण खरोखर उमटतो. त्याला तो ओळखता येतो, कारण त्याने तो शेकडो वेळा ऐकलेला असतो. पुढच्याच क्षणी तो निसटतो. त्या दोन-तीन क्षणांनी त्याचा कान बदललेला असतो. आता तो तबकडी लावतो तेव्हा त्याला तीन गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात, नाण्याचे दात ऐकू येतात, खुंटी कुठे मागे फिरली ते कळते. इतके बारीक ऐकणारा श्रोता कोणत्याही कलावंताला हवाच असतो. यांतले काहीजण मग ती सगळी सामग्री विकून टाकतात आणि स्वतःचे काही वाजवू लागतात. काहीजण कधीच विकत नाहीत. दोघांनाही मे यांच्याविषयी सारखाच जिव्हाळा असतो.

अर्धा राहिलेला प्रबंध मे यांनी तीन दशकांनंतर पुन्हा हाती घेतला आणि २००७ साली इंपीरियल कॉलेजची डॉक्टरेट मिळवली. सूर्याचा प्रकाश अंगावर पडून परावर्तित होतो तेव्हाच जी दिसते, त्या धुळीचाच तो विषय होता. २०१४ साली सायमन ब्रॅडली यांच्यासमवेत त्यांनी आपल्या गिटारवर एक पुस्तक लिहिले आणि तिची सारी घडण वाचकांपुढे मांडली. गॅलाघरप्रमाणेच त्यांनीही काही हातचे राखले नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी चाहत्यांना कळवले की आपल्याला अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला आणि काही काळ डावा हात आपल्या ताब्यात नव्हता. पट्टीवर तारा दाबणारा, मींड काढणारा, सुराला कंप देणारा तो हात. आता गिटार वाजवता येते, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते.